जुन्या मोटरसायकलसाठी परफॉर्मन्स कॅम: निवडीचा आढावा

चार-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उचलायचा आणि कधी मिटायचा, हे कॅमशाफ्ट ठरवतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे त्याचा एक फेरा होतो आणि त्या फेऱ्यात त्याचे लोब टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह हलवतात. इंजिन कोणत्या आरपीएमला जोर धरेल, कुठे दम सोडेल आणि सिग्नलला उभे असताना शांत चालेल की अडखळेल, हे बऱ्याच अंशी लोबच्या घाटावर अवलंबून असते. १९५० ते १९७० च्या दशकांतल्या गाड्यांचे मूळ कॅम तयार करताना कारखान्यांनी आवाज, टिकाऊपणा, सोपी किक आणि हलक्या प्रतीचे पेट्रोल या सगळ्यांचा विचार केलेला असे. त्यामुळे सुधारणेला वाव राहतो. मात्र कोणताही एक कॅम सगळ्या आरपीएमला सारखाच मानवत नाही. वरच्या पट्ट्यात मिळवलेली ताकद बहुतेक वेळा खालच्या पट्ट्यातून वजा होते. रस्त्यावरच्या गाडीसाठी म्हणूनच कमाल हॉर्सपॉवरचा आकडा दुय्यम ठरतो. गाडी दिवसभर ज्या आरपीएमला चालते, त्या आरपीएमला सिलिंडर किती भरतो, हा निवडीतला पहिला प्रश्न आहे.

कॅमचे आकडे वाचताना

कॅमच्या माहितीपत्रकात सहसा चार गोष्टी दिलेल्या असतात: लिफ्ट, ड्युरेशन, लोब सेंटर आणि ओव्हरलॅप. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह बैठकीवरून जास्तीत जास्त किती उचलला जातो ते अंतर. ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ. तो क्रँकच्या अंशांत मोजतात. व्हॉल्व्ह पूर्ण उचललेला असताना क्रँक जिथे असतो, ते लोब सेंटर. एक्झॉस्ट पूर्ण मिटायच्या आत इनटेक उघडलेला असतो, तेवढा काळ म्हणजे ओव्हरलॅप.

साठच्या दशकातल्या ट्रायम्फ बॉनेव्हिलचे आकडे यासाठी सोयीचे आहेत. तिचा इनटेक पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी ३४ अंश उघडतो आणि खालच्या टोकानंतर ५५ अंशांनी मिटतो. मधला १८० अंशांचा स्ट्रोक मिळवला की ड्युरेशन २६९ अंश होते. त्याच्या निम्म्यातून ३४ वजा केले की लोब सेंटर वरच्या टोकानंतर सुमारे १०० अंशांवर येते. एक्झॉस्ट खालच्या टोकाआधी ५५ अंश उघडतो आणि वरच्या टोकानंतर ३४ अंशांनी मिटतो, म्हणून ओव्हरलॅप ६८ अंशांचा. एवढी बेरीज-वजाबाकी जमली की कोणत्याही कॅमचा कागद वाचता येतो.

पण दोन कॅमची तुलना करण्याआधी ते कुठे मोजले आहेत हे पाहावे लागते. व्हॉल्व्हला धक्का बसू नये म्हणून लोबच्या सुरुवातीला आणि शेवटी हळूवार चढ-उतार ठेवलेला असतो. तो मोजमापात धरला तर ड्युरेशन फुगते, वगळला तर आक्रसते. ब्रिटिश गाड्यांचे आकडे बहुधा ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर उचल धरून देतात. अमेरिकन कॅम-ग्राइंडर ०.०५० इंचांवर मोजतात. जपानी गाड्यांच्या बाबतीत १ मिलिमीटरची उचल रूढ आहे. एकच लोब वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला तर तीस-चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. जाहिरातीत ३०० अंशांचा म्हणून मिरवणारा कॅम प्रत्यक्षात शेजारच्या २७० अंशांच्या कॅमपेक्षा सौम्य असू शकतो. मोजणीची उचल न सांगणारा आकडा निवडीसाठी निरुपयोगी आहे.

लिफ्टचे गणित त्या मानाने सरळ आहे. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढा उचलला गेला की त्याच्या कडेने मिळणारी वाट व्हॉल्व्हच्या पूर्ण क्षेत्रफळाएवढी होते. त्यापुढे वायूचा प्रवाह मुख्यतः पोर्टच अडवते. लिफ्ट वाढवली म्हणून इनटेक मिटण्याची वेळ हलत नाही, त्यामुळे खालच्या आरपीएमचे फारसे नुकसान होत नाही. रस्त्यासाठी थोडी वाढीव लिफ्ट आणि बेताचे ड्युरेशन हा मेळ लाभतो तो यामुळेच. याची मर्यादा टॅपेटच्या गतीत आहे. कमी अंशांत जास्त उचलायचे तर लोबची बाजू उभी होते, स्प्रिंग कडक लागते आणि लोब-टॅपेटमधला दाब वाढतो. झीज तिथूनच सुरू होते.

इनटेक मिटण्याची वेळ

व्हॉल्व्हच्या उघडझापीत चार क्षण असतात आणि त्यांत रस्त्यावरच्या गाडीला सर्वांत जास्त जाणवतो तो इनटेक मिटण्याचा. पिस्टन खालच्या टोकावरून वर निघाला तरी इनटेक काही अंश उघडाच असतो. आरपीएम जास्त असेल तर वेगाने आत येणारे मिश्रण स्वतःच्या जोराने आणखी भरत राहते. आरपीएम कमी असेल तर वर येणारा पिस्टन तेच मिश्रण कार्बोरेटरकडे परत ढकलतो. कॉम्प्रेशनची खरी सुरुवात इनटेक मिटल्यावरच होते.

समजा, स्ट्रोक ८२ मिलिमीटर, कनेक्टिंग रॉड त्याच्या दुप्पट लांबीचा आणि कॉम्प्रेशन रेशो ८.५ आहे. इनटेक खालच्या टोकानंतर ५५ अंशांनी मिटत असेल, तर स्ट्रोकचा सुमारे ८३ टक्के भाग कॉम्प्रेशनसाठी उरतो आणि प्रत्यक्ष रेशो ७.२ च्या आसपास येतो. ६५ अंशांना मिटल्यास ७६ टक्के उरतात आणि रेशो ६.७ होतो. ७५ अंशांना मिटल्यास ६९ टक्के आणि ६.२. शेवटच्या कॅमने सुरुवातीचा ७.२ पुन्हा मिळवायचा असेल, तर हेडवरचा कॉम्प्रेशन रेशो ८.५ वरून १० पर्यंत न्यावा लागतो. कॅम बदलल्यावर ‘गाडी खालून मेली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुतेकदा या हिशेबात सापडते: कॅम रेसचा, पिस्टन मात्र मूळचाच.

बाकीच्या तीन क्षणांचेही परिणाम आहेत. एक्झॉस्ट लवकर उघडला की जळलेला वायू लवकर सुटतो, पण पिस्टनला ढकलण्याचे त्याचे काम अर्धवट राहते. इनटेक लवकर उघडून आणि एक्झॉस्ट उशिरा मिटवून ओव्हरलॅप वाढवला, तर जुळलेल्या लांबीच्या मोकळ्या पाइपमध्ये बाहेर जाणारा वायू ताजे मिश्रण ओढून घेतो. रस्त्यावरच्या सायलेन्सरमुळे मात्र मागचा दाब वाढतो आणि तोच ओव्हरलॅप जळका वायू इनटेकमध्ये घुसवतो. आयडलिंग अडखळते, प्लग काळे पडतात, अर्ध्या थ्रॉटलला गाडी झटके देते. भारतात पीयूसी चाचणी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजूनच होते, त्यामुळे मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम तिथेही अडचणीत आणतो.

ब्रिटिश ट्विन: बॉनेव्हिल आणि कमांडो

एडवर्ड टर्नर यांच्या १९३७ च्या स्पीड ट्विनपासून ट्रायम्फच्या ट्विन इंजिनांत दोन स्वतंत्र कॅमशाफ्ट आहेत: इनटेकचा सिलिंडरच्या मागे, एक्झॉस्टचा पुढे. १९५९ च्या मॉडेलवर्षासाठी आलेल्या ६४९ सीसी बॉनेव्हिलची जाहीर ताकद ६५०० आरपीएमला ४६ हॉर्सपॉवर होती आणि तिच्या इनटेकला ई ३१३४ या क्रमांकाचा घाट होता. पुढे हौशी आणि रेसर अशा दोघांनीही तो वर्षानुवर्षे वापरला. दोन शाफ्ट वेगळे असल्याने दोन्ही लोब सेंटर स्वतंत्रपणे हलवता येतात. शिवाय कॅमच्या गिअरला चावीच्या तीन खाचा आहेत, त्यामुळे एका दातापेक्षाही बारीक फरक साधता येतो.

याच इंजिनात आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. ट्रायम्फच्या टॅपेटचा पाय गोलाईदार असतो. सर्वसाधारण टॅपेटची गोलाई पाऊण इंच त्रिज्येची, तर ‘आर’ टॅपेटची सव्वा इंचाहून थोडी कमी, म्हणजे १ १/८ इंच. मोठ्या गोलाईचा पाय लोबला लवकर भिडतो आणि उशिरा सोडतो, म्हणून तोच कॅम अधिक ड्युरेशनचा होतो. कॅम आणि टॅपेट ही जोडी आहे. एकाचे नाव सांगून दुसऱ्याचे न सांगणारा विक्रेता अर्धीच माहिती देतो.

रस्त्यावर बॉनेव्हिल टॉप गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला ४००० आरपीएमच्या आसपास असते. तिच्या मूळ कॅमचा जोर तिथून वर सुरू होतो, त्यामुळे प्रवासी गाडीला याहून तिखट कॅम क्वचितच लागतो. झिजलेला शाफ्ट बदलायची वेळ आली, की मूळ घाटाचा चांगल्या पोलादातला नवा शाफ्ट हाच बहुतेकांसाठी योग्य पर्याय ठरतो.

नॉर्टन कमांडोचा इतिहास कॅमची निवड कुठे चुकू शकते ते दाखवतो. ७४५ सीसीची कमांडो १९६७ मध्ये आली. तिच्यात दोन्ही व्हॉल्व्हसाठी एकच चेनवर चालणारा कॅमशाफ्ट आहे. लोबमधले अंतर ग्राइंडिंगच्या वेळीच कायम होते, नंतर फक्त सगळा शाफ्ट पुढे-मागे करता येतो. १९७२ च्या ‘कॉम्बॅट’ इंजिनात कारखान्याने २एस हा तिखट कॅम, १० चा कॉम्प्रेशन रेशो आणि ३२ मिलिमीटरचे कार्बोरेटर बसवून ६५ हॉर्सपॉवरचा दावा केला. वर दिलेल्या हिशेबाने कॅम आणि कॉम्प्रेशनचा मेळ बरोबर होता. कमी पडला तो क्रँकच्या बेअरिंगचा दम. स्वाराला वरचे आरपीएम खुणावू लागले, क्रँक वाकू लागला आणि मेन बेअरिंग लवकर जाऊ लागली. ‘सुपरब्लेंड’ रोलर बेअरिंगनी तो प्रश्न सोडवला आणि १९७३ च्या ८२८ सीसी इंजिनात कॉम्प्रेशन खाली आणले गेले.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. ८९ मिलिमीटर स्ट्रोकचा पिस्टन ७००० आरपीएमला सरासरी सेकंदाला २१ मीटर धावतो. त्याला थांबवून उलट फिरवायला लागणारे बळ आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६५०० वरून ७५०० ला गेले की ते एक तृतीयांशाने वाढते. ताकदीचा पट्टा वर नेणारा कॅम रॉड, बेअरिंग आणि क्रँककेस यांच्यावर हा भार टाकतो. तो पेलेल की नाही, हे कॅम विकत घेण्याआधी ठरवायचे असते.

बुलेट

महाराष्ट्रात जुनी चार-स्ट्रोक गाडी म्हटली की बहुतेकदा रॉयल एनफिल्ड बुलेट डोळ्यांसमोर येते. भारतीय सैन्याने १९५२ मध्ये तिची मागणी नोंदवली, १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बनत राहिली. ३५० चा बोअर ७० आणि ५०० चा ८४ मिलिमीटर, स्ट्रोक मात्र दोन्हींचा ९०. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यांमुळे तिचा जोर खालच्या आरपीएमला असतो. ताम्हिणीसारख्या घाटात सामानासह दोघांना घेऊन ती तिसऱ्यात संथ ठोके देत चढते ती याच गुणावर.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे असून प्रत्येक आपल्या पिनवर फिरतो. टायमिंग कव्हर काढले की दोन्ही गिअर समोर दिसतात आणि खुणा जुळवून बसवता येतात, त्यामुळे कॅम बदलणे तुलनेने सोपे आहे. हा सोपेपणाच मोहात पाडतो. कास्ट आयर्न बुलेटच्या बिग-एंडला पिढ्यान्‌पिढ्या तरंगता बुश होता, रोलर नव्हे. जास्त आरपीएम त्याला मानवत नाहीत. ५५०० आरपीएमलाच ९० मिलिमीटरचा पिस्टन सेकंदाला साडेसोळा मीटर धावतो. त्यापुढे जोर देणारा कॅम अशा इंजिनाच्या काही उपयोगाचा नाही.

बुलेटसाठी विचार करण्याजोगा कॅम म्हणजे लिफ्ट थोडी वाढवणारा आणि इनटेक मिटण्याची वेळ मूळपेक्षा फार तर दहा अंशांनी लांबवणारा. तोही हेडचे पोर्ट साफ केल्यावर, कार्बोरेटर आणि सायलेन्सर जुळल्यावर. कॅमची पिन किंवा बुश झिजला असेल तर नवा लोबही वेळेवर चालत नाही, म्हणून आधी ती दुरुस्ती. बुलेटचे टॅपेट थंड इंजिनावर, पुशरॉड बोटांनी अलगद फिरेल पण वर-खाली हलणार नाही, असे लावतात. नव्या घाटाच्या कॅमला वेगळी फट लागू शकते. ती ग्राइंडरच्या कागदावरून घ्यायची, सवयीने नव्हे.

जपानी आणि अमेरिकन गाड्या

१९६९ च्या होंडा सीबी ७५० मध्ये हेडवर एक, तर १९७२ च्या ९०३ सीसी कावासाकी झी १ मध्ये हेडवर दोन कॅमशाफ्ट आहेत. पुशरॉड नसल्याने हलणारे वजन कमी असते आणि इंजिन वरच्या आरपीएमला निर्धास्त चालते. होंडाची ६७ हॉर्सपॉवर ८००० ला मिळत असे, कावासाकीची ८२ हॉर्सपॉवर ८५०० ला. लांब छिद्रांचे स्प्रॉकेट बसवून झी १ चे दोन्ही लोब सेंटर हवे तसे लावता येतात. तिची अडचण वेगळी आहे. व्हॉल्व्हची फट जुळवणारी चकती बकेट टॅपेटच्या वर बसते आणि लोब सरळ तिच्यावर घासतो. जास्त लिफ्टचा कॅम वरच्या आरपीएमला ही चकती उडवू शकतो. मोठ्या लिफ्टसाठी चकती बकेटखाली बसणारी रचना करून घ्यावी लागते.

हार्लेच्या मोठ्या ट्विनमध्ये, १९३६ च्या नकलहेडपासून शॉव्हलहेडपर्यंत, चार लोबचा एकच शाफ्ट आहे. १९५७ पासूनच्या स्पोर्टस्टरमध्ये चार स्वतंत्र कॅम असून ते गिअरने फिरतात. या इंजिनांना रोलर टॅपेट असतात. रोलरला सपाट पायाइतके घर्षण नसल्याने लोबची बाजू अधिक उभी ठेवता येते. सॅन होजेचे टॉम सिफ्टन यांच्यासारख्या कॅम-ग्राइंडरांनी यावर मोठे काम केले. सपाट टॅपेटसाठी घासलेला घाट रोलरखाली किंवा रोलरचा घाट सपाट पायाखाली चालत नाही.

सोबत बदलायचे भाग

नव्या कॅमबरोबर टॅपेट नवे किंवा पुन्हा घासलेले हवेत. जुन्या पायावर जुन्या लोबचा ठसा उमटलेला असतो आणि तो नव्या लोबला खातो. जुना शाफ्ट घासून नवा घाट दिला असेल, तर लोबचा मूळ गोल लहान होतो. तेवढी भरपाई पुशरॉडच्या लांबीत किंवा ॲडजस्टरमध्ये करावी लागते. स्प्रिंग ग्राइंडरने सांगितलेल्याच घ्याव्यात. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग लोब झिजवते, ढिली स्प्रिंग वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगू देते.

कार्बोरेटरचे जेट आणि इग्निशनचे ॲडव्हान्स नव्याने जुळवावे लागतात, कारण सिलिंडर आता वेगळ्या आरपीएमला पूर्ण भरतो. ऑइलचाही विचार हवा. सपाट टॅपेटला ऑइलमधल्या झिंकयुक्त रसायनाचे संरक्षण लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे आजच्या मोटारींच्या बऱ्याच ऑइलमध्ये त्याचे प्रमाण कमी केले आहे. जुन्या इंजिनासाठी झिंक पुरेसे असलेले ऑइल निवडावे.

बसवताना करायची मोजमापे

कॅम बसवल्यावर त्याची वेळ खुणांवर विश्वासून सोडत नाहीत. क्रँकवर अंशांची तबकडी बसवतात आणि प्लगच्या भोकातून पिस्टन अडेल असा रोधक घालतात. क्रँक एका दिशेने हलकेच अडेपर्यंत फिरवून अंश टिपायचे, मग उलट दिशेने. दोन्हींचा मध्य म्हणजे पिस्टनचे नेमके वरचे टोक. त्यानंतर डायल गेजने ठरलेल्या उचलीवर इनटेक उघडण्या-मिटण्याचे अंश वाचायचे आणि कागदाशी ताडून पाहायचे. मिटण्याची वेळ उशिरा येत असेल, तर कॅम दोन-चार अंश पुढे घेऊन खालचा जोर काही प्रमाणात परत मिळवता येतो.

दुसरी तपासणी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधल्या अंतराची. पिस्टनवर मऊ मातीचा थर देऊन हेड कसतात, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात आणि हेड काढून ठशाची जाडी मोजतात. इनटेकला निदान दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. अर्धगोल हेडमध्ये ओव्हरलॅपच्या वेळी दोन व्हॉल्व्ह एकमेकांना भिडत नाहीत ना, हेही पाहतात. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत आणि स्प्रिंगची वरची टोपी व्हॉल्व्ह गाइडवर आदळता कामा नये. दोन्ही ठिकाणी सुमारे दीड मिलिमीटर मोकळीक हवी.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी लोबना मोलिब्डेनमयुक्त पेस्ट लावतात. सपाट टॅपेटचे इंजिन सुरू होताच आयडलिंगवर न सोडता २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटे चालवतात, कारण बऱ्याच जुन्या इंजिनांत लोबवर ऑइल उडूनच पोहोचते. पहिल्या काहीशे किलोमीटरांत टॅपेटची फट पुन्हा पुन्हा वाढू लागली, तर लोब झिजतो आहे असे समजून इंजिन लगेच उघडावे.

निवडीचा क्रम

निवड करताना आधी इंजिनाचे खालचे भाग कोणत्या आरपीएमपर्यंत सुरक्षित आहेत ते ठरवावे. मग गाडी प्रत्यक्ष कुठे चालते ते पाहावे: शहर, घाट, महामार्ग, एकटा स्वार की दोघे. कॉम्प्रेशन रेशो मोजून, पुस्तकातून न घेता, त्याला झेपेल अशी इनटेक मिटण्याची वेळ निवडावी. सायलेन्सर मूळचाच राहणार असेल तर ओव्हरलॅप कमी असलेला घाट घ्यावा. त्या चौकटीत जास्तीत जास्त लिफ्ट देणारा, पण टॅपेट आणि स्प्रिंगला न ताणणारा कॅम शोधावा. दोन घाटांत निवड अडली तर सौम्य घ्यावा; त्याने हुकलेली वरची दोन-तीन हॉर्सपॉवर रस्त्यावर क्वचित लागते, तिखट कॅमने गमावलेला खालचा जोर मात्र प्रत्येक चढावर आणि प्रत्येक सिग्नलला जाणवतो.